वासराला चीक, मग लेकराला का नाही?

गाय व्याली की जाणता शेतकरी वार पडण्याची वाट बघत नाही. वासराला लगेच आचळाशी लावतो. चीक वेळेवर पोटात गेला नाही तर वासरू हगवणीने हातचे जाते, हे त्याला ठाऊक असते. पण त्याच घरात सून बाळंत झाली की पहिले पिवळसर दूध 'बाधेल' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या तोंडात मध नाहीतर घुटी जाते. ही रीत मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेषतः बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तेव्हा.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मताना आईकडूनच पोटातले हितकारक जिवाणू मिळतात. अपुऱ्या दिवसांचे बाळ मात्र पुष्कळदा शस्त्रक्रियेने जन्मते, पेटीत राहते, त्याला जंतुनाशक औषधे द्यावी लागतात. म्हणजे रान नांगरले, पण पेरणी झालीच नाही. अशा रानात तणच माजणार! घातक जिवाणू वाढले की कोवळे आतडे सुजते, कधी सडतेही. आईच्या दुधाने हा धोका बराच कमी होतो. त्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. ते चांगल्या जिवाणूंचे खाद्य असते.

याचा पुढच्या वाढीशीही संबंध आहे. ढाक्यातील अतिकुपोषित मुलांच्या आतड्यांतील जिवाणू वयाच्या मानाने अपक्व असल्याचे २०१४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. पौष्टिक आहाराने थोडी सुधारणा झाली, पण ती टिकली नाही. वाढ केवळ जिवाणूंवर अवलंबून नसते, हे खरे. तरीही हंगाम गेल्यावर खत टाकण्यापेक्षा वेळेवर पेरणी केलेली बरी.

मग काय करावे? बाळाला चोखता येत नसेल तर आईचा चीक काढून डॉक्टरांच्या सल्ल्याने चमच्याने वा नळीने द्यावा. थेंबही वाया घालवू नये. आईला दूध कमी असेल तर दुग्धपेढीची चौकशी करावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे. जन्मल्याबरोबर ही सुरुवात करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. डॉक्टरांनी दिलेली औषधे तेवढी द्यावीत. जंतुनाशके किंवा जिवाणूंच्या पुड्या दुकानातून आपल्या मनाने मुळीच आणू नयेत. अशा पुड्यांतले जिवाणू अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात शिरून जिवावर बेतू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०२३ साली दिला आहे.

घरातील वडीलधाऱ्या बायकांचा शब्द बाळंतिणीच्या खोलीत चालतो. त्यांनीच घुटीची वाटी बाजूला ठेवावी. पुरुषांनी बाळंतिणीच्या डोक्यावरचे काम उतरवावे. गोठ्यातले शहाणपण एवढे माजघरात आले, तरी पुष्कळ लेकरे वाचतील आणि अंगाने भरतील.