कंपनी आपली, कागद कोणाचे?



गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पाट्या लागल्या. नारळ फुटले, फोटो छापून आले. पाटीमागे काय चालले आहे, हे आता विचारायला हवे.

सहकाराने आपल्याला पोळले आहे. सोसायटी आपली, पण निबंधकाच्या मनात आले की संचालक घरी आणि प्रशासक खुर्चीत. कापूस एकाधिकाराच्या दिवसांत चुकाऱ्यासाठी मारलेल्या खेपा अजून कोणी विसरलेले नाही. म्हणून अलघ समितीच्या शिफारशीनंतर २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचे प्रकरण घातले गेले, तेव्हा आमच्यासारख्यांना बरे वाटले. २०२० च्या दुरुस्तीने तेच प्रकरण २०१३ च्या नव्या कायद्यात आले आणि फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाले. दहा शेतकरी मिळून कंपनी काढू शकतात. शेअर कितीही असोत, शेतकऱ्याला मत एकच. शेअर बाहेरच्या शेठला विकता येत नाहीत.

आणखी एक कलम आहे, ते मोठ्याने वाचा. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो, त्याला सभासद होता येत नाही. नंतर तसा धंदा धरला तर सभासदत्व जाते. खेडा खरेदीवाल्या अडत्याचा भागीदार तुमच्या संचालक मंडळात बसून कापसाचा भाव ठरवीत असेल, तर त्याला उठवायला मोर्चा लागत नाही. हे कलम पुरे आहे.

आता दुसरी बाजू. कंपनी कायद्यात प्रशासक येत नाही, मीटर पडते. ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म दरवर्षी रजिस्ट्रारकडे मुदतीत जावे लागतात. जुलै २०१८ पासून उशिराला दर फॉर्ममागे रोज शंभर रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. हिशेब करा. तीनशे सभासदांनी हजार-हजार घातले, भांडवल झाले तीन लाख. पहिल्या वर्षाचे कागद दोन वर्षे उशिरा आणि दुसऱ्याचे एक वर्ष उशिरा गेले, तर २ लाख १९ हजार नुसत्या उशिरात गेले. एक क्विंटल कापूस न घेता! २०२० च्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांचा दंड निम्म्यावर आणला हे खरे, पण ते दंडाचे झाले. ही रोजची फी त्यात येत नाही. सवलतीची योजना २०२० साली आली होती. पुन्हा येईल म्हणून थांबणे म्हणजे पावसाच्या भरवशावर दुबार पेरणीचे बियाणे उधार घेणे.

सलग तीन वर्षे कागद गेले नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली देशात दोन लाखांवर कंपन्यांची नावे पटावरून गेली. त्या बहुतेक शहरातल्या होत्या, पण कायदा तोच आहे.

मला भेटलेल्या एका संचालक बाईंना आपण संचालक आहोत हेच नोटीस आल्यावर कळले. सही घेणाऱ्याने योजनेचा अर्ज आहे म्हणून सांगितले होते. असे संचालक आपल्याही जिल्ह्यात असतील. आणि सर्वसाधारण सभेला एक चतुर्थांश सभासद लागतात; तीनशेत पंचाहत्तर माणसे प्रत्यक्ष बसली पाहिजेत, घरोघर वही फिरवून ती सभा होत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक कंपनीच्या दोघा संचालकांनी गेल्या तीन वर्षांचे फॉर्म भरल्याच्या पावत्या घेऊन यावे. लेखापाल पावती देत नसेल, तर त्यालाही सोबत आणावे.