टपाचे कापड आणि मालकाची ऐपत

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींचे एक मोठे गमतीचे आहे. इंजिन मूळचे हवे, चाके मूळची हवीत, एखादा बोल्टसुद्धा मूळचाच हवा म्हणून ते जिवाचे रान करतात. आणि टपाची पाळी आली की बाजारातले सर्वांत महाग कापड आणून मोकळे होतात! गाडी कोणाची होती, हा प्रश्नच नाही. आजच्या मालकाची ऐपत किती, एवढाच प्रश्न. काळ्या पाषाणाच्या देवळात संगमरवरी फरशी बसवणाऱ्या विश्वस्तांचीच ही जात.

फोर्डची मॉडेल टी घ्या. अमेरिकेत १९०८ साली ती निघाली तेव्हा तिला सुमारे ८५० डॉलर पडत. १९२५ साली तिचा दोन माणसांचा उघडा प्रकार २६० डॉलरांना मिळू लागला. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. शेतकऱ्याच्या खिशाला परवडलेली ही मोटार! तिचा टप म्हणजे कमानींवर ताणलेले लेपाचे काळे सुती कापड. त्या जागी आज लोक 'मोहेअर' चढवतात. दोन कापडांच्या मध्ये रबर घातलेला हा उंची माल. नाव अंगोरा शेळीच्या लोकरीचे, पण पुष्कळदा त्यात त्या शेळीचा एक केसही नसतो. रोल्स-रॉइसला असले कापड शोभेल, ते तिच्या घरचेच आहे. फोर्डवर ते घालणे म्हणजे हमालाला जरीचा फेटा बांधून 'पाहा, पूर्वीचे हमाल असे होते' म्हणून सांगणे.

दुसरे शहाणे अस्सल चामड्याचा आग्रह धरतात. त्यांना कोण सांगणार, की त्या काळच्या कितीतरी स्वस्त गाड्यांत चामड्याची नक्कल करणारे लेपाचे कापडच वापरलेले असे? तिथे नकली चामडे हीच अस्सल वस्तू!

राहिले आजचे व्हिनिल. ते स्वस्त आहे, धुता येते, पाणी अडवते. मऊ पीव्हीसीचा शोध १९२६ सालचा. तेव्हा १९१५ च्या गाडीवर ते मूळचे असणे शक्यच नाही. तरीही काळे, बिनचकाकीचे, जुन्या धर्तीच्या रव्याचे व्हिनिल फोर्डच्या टपाला मोहेअरपेक्षा अधिक जवळचे दिसते. मूळच्या जातीचे कापड मिळेना तर ते खुशाल घालावे, मात्र तसे उघड सांगावे. पाप व्हिनिलमध्ये नाही, ते मूळचे म्हणून मिरवण्यात आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरीनची सनदही केलेल्या कामाची नोंद ठेवा, असेच सांगते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी गाडीकडे जा. खिळ्यांच्या पट्टीखाली, शिवणीच्या दुमडीत जुन्या कापडाची चिंधी बहुधा अडकलेली असते. ऊन न लागलेला रंग, रवा, वीण, सारे तिथे सापडते. कारागीर ती चिंधी उपटून फेकतो आणि मालक पाहत राहतो. ती जपा आणि नव्या कापडाची निवड तिच्यावरून करा.

पैसा तुमचा, गाडी तुमची, हे कबूल. पण तिचा भूतकाळ तुमचा नाही. तो २६० डॉलर साठवणाऱ्या त्या माणसाचा आहे. त्याची गरिबी झाकण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?