भुंगेरे मोजून काय होणार?

जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांतील भुंगेऱ्यांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा विषय चार सुशिक्षित मंडळींत निघाला, कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भुंगेरे मोजून काय होणार?" विचारणारे गृहस्थ बहुधा पदवीधर असतात, आणि आपण मोठें व्यवहारी बोललों असें समाधान त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसतें. हा प्रश्न अडाण्याचा असता तर आम्हीं तो सोडून दिला असता. परंतु रानांतला गुराखी तो विचारीत नाहीं. शेणाखालीं काय चाललें आहे हें तो रोज पाहत असतो. सबब ह्या सुशिक्षित अनास्थेचाच समाचार घेणें आम्हांस प्राप्त आहे.

ह्याच जुन्नर तालुक्यांत खोडद येथें रेडिओ-दुर्बिणीचें केंद्र आहे. त्या परिसरांत पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अतिदूरच्या तारकाविश्वांचे संदेश टिपीत असतात. आम्हां सर्वांस तिचा अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. तेथें जाऊन "तारकाविश्वें मोजून काय होणार?" असें कोणी विचारीत नाहीं. मग त्याच तबकडीच्या सावलींत मातींतून बाहेर येणाऱ्या जिवाची मोजदाद मात्र रिकामटेकडेपणाची कां ठरावी? दूरचें तें थोर आणि पायाखालचें तें क्षुद्र, हा न्याय शास्त्राचा नव्हे.

विषयाचा आवांका पाहा. आजवर नांव मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारें ४ लाख आहेत. म्हणजे शास्त्रास ठाऊक असलेल्या प्राण्यांच्या दर चार जातींत जवळजवळ एक जात भुंगेऱ्याची. शेणकिडे, काजवे, सोनकिडे, धान्यांतले सोंडे हे सारे ह्याच गणाचे. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन ह्यांनीं पनामांतील एकाच जातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांवरून सुमारें १२०० जातींचे भुंगेरे मिळविले, आणि त्यावरून उष्ण कटिबंधांतील संधिपाद प्राण्यांच्या जाती ३ कोटी असाव्यात, असा अंदाज १९८२ मध्यें मांडला. हा आंकडा पुढें पुष्कळ खालीं आला. परंतु उष्ण प्रदेशांतील अरण्य आपण किती थोडें पाहिलें आहे, हा त्यांतला धडा कायम राहिला.

आतां आमचे दोन तालुके घ्या. पश्चिमेस नाणेघाट, आहुपें व भीमाशंकर येथें कड्यावर कोसळणारा पाऊस, सदाहरित झाडी व देवराया; मध्यें कुकडी, मीना व घोड ह्यांचीं खोरीं आणि माणिकडोह व डिंभें येथील जलाशय; पूर्वेस नारायणगांव-मंचरकडे ऊस, द्राक्षें, कांदा, टोमॅटो, आणि त्यापलीकडे बाभळीचे कोरडे माळ. ओल्या अरण्यापासून उघड्या माळापर्यंतचा हा सारा पट एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासांत उलगडतो. पाऊस, माती व मनुष्याची शेती ह्यांचा जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, हें तपासण्यास ह्याहून सोयीची प्रयोगशाळा कोणती?

परंतु आमच्या व्यवहारी मित्रांस उपयोगाचीच भाषा समजते. ठीक, त्याच भाषेंत बोलूं. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास 'हुमणी' हा शब्द शिकवावा लागत नाहीं. ही भुंगेऱ्याची अळी. ती उसाचीं मुळें खाते. वळवाचा पाऊस पडला कीं भुंगेरे संध्याकाळीं जमिनींतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्याच वेळीं फांद्या हालवून व प्रकाशसापळे लावून साऱ्या गांवानें ते गोळा केले, तर पुढचें पुष्कळ नुकसान टळतें. परंतु हुमणी हें एकाच किड्याचें नांव नव्हे. होलोट्रिकिया सेराटा ही एक, कृष्णाकांठीं उपद्रव करणारी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी. ह्यांखेरीज आणखीही आहेत, आणि त्यांच्या संवयी एकसारख्या नाहींत. कित्येकदां त्यांतील भेद नराचीं जननेंद्रियें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून कळत नाहीं. शत्रु कोण हें न जाणतां त्याशीं लढणाऱ्या सेनापतीची स्तुति शिवनेरीच्या पायथ्याशीं तरी आम्हीं कधीं ऐकली नाहीं.

मित्रांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. युरोपियनांनीं ऑस्ट्रेलियांत गुरें नेलीं, परंतु त्यांचें शेण पुरणारे किडे नेले नाहींत. तेथील देशी शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांस संवकलेले; गाईचें शेण कुरणांवर तसेंच वाळत पडलें, गवत दडपलें, माशा माजल्या. शेवटीं जॉर्ज बोर्नेमिसा ह्या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानें १९६० नंतरच्या दशकांत परदेशांतून शेणकिडे आणण्याची योजना सुरू झाली, आणि चाळिसांवर जाती तेथें सोडण्यांत आल्या. आम्हांस हे चाकर बिनपगारी मिळालेले आहेत. परंतु गुरांना जंतांसाठीं देण्यांत येणारें आयव्हरमेक्टिन शेणावाटे बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्यांस मारक होतें, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. आमच्या कुरणांत काय होतें आणि काय उरलें, हें सांगावयास आधीं मोजलेलें असावें लागतें.

कोणी म्हणेल, हें काम होऊन गेलें आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या मालेंत गाहान ह्यांचा ग्रंथ १९०६ मध्यें निघाला. ॲरो, अँड्र्यूज व आमचे समरेंद्र मौलिक ह्यांचे त्यानंतर निघाले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ पासून काम करीत आहे, व तिचें पश्चिम विभागीय केंद्र पुण्यासच आहे. ह्या परिश्रमांविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु यादी म्हणजे सर्वेक्षण नव्हे. अमुक जात 'मुंबई इलाख्यांत' सांपडली, एवढ्यावरून ती आहुप्याच्या देवराईंत आज आहे कीं नाहीं, कोणत्या महिन्यांत निघते, कशावर जगते, हें कळत नाहीं.

सरकारी उपाय नाहीं असें नाहीं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालीं गांवोगांव लोकजैवविविधता नोंदवही व्हावयाची होती. कल्पना उत्तम. परंतु वर्षानुवर्षें काम रेंगाळलें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढें दरमहा १० लाख रुपयांच्या भुर्दंडाचा धाक घातला, तेव्हां देशभर नोंदवह्यांचा पाऊस पडला. जें काम ऋतूमागून ऋतु बसून करावयाचें, तें तारखेच्या धाकानें उरकावें लागलें, तर वड, पिंपळ व मोर लिहून होतात. भुंगेऱ्यासाठीं कोण थांबणार?

आमच्या व्यवसायबंधूंसही चार शब्द ऐकविले पाहिजेत. तीन महिने हिंडावें, छायाचित्रें घ्यावीं, नांवांची यादी छापावी आणि पदवी अथवा पदोन्नति पदरांत पाडून घ्यावी, हा आमच्या महाविद्यालयांतील एक परिपाठ होऊन बसला आहे. नमुने चिठ्ठीवांचून पेटींत पडतात, आणि तेथें त्यांस खातात कोण? तर मृत कीटकांवर जगणारे दुसरे भुंगेरेच! ज्या नमुन्यावर स्थळ, तारीख, वनस्पति व गोळा करणाराचें नांव नाहीं, तो शास्त्राच्या दृष्टीनें कचरा आहे.

आमची मागणी अवास्तव नाहीं. घाटमाथ्यापासून माळापर्यंत दहा-बारा ठिकाणें ठरवावीं. अभयारण्यांत वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी. प्रत्येक ठिकाणीं वर्षभर दरमहा त्याच रीतीनें सापळे लावावे, व दर पांच वर्षांनीं हेंच पुन्हां करावें. नमुने पुण्याच्या केंद्रांत जमा व्हावे. आणि ज्या महादेव कोळी कुटुंबांचा हिरडा गोळा करण्यांत जन्म गेला, त्यांस वाटाडे म्हणून नव्हे तर सहकारी म्हणून, रोजमजुरीसह व नांवासह, ह्या कामांत घ्यावें.

मृगाच्या सुमारास शहरांतील मंडळी मोटारी घेऊन सह्याद्रींत काजवे पाहण्यास जातात. काजवाही भुंगेराच; त्याचा प्रकाश म्हणजे जोडीदारास घातलेली साद, आणि मोटारीच्या दिव्यांत ती साद बुडून जाते. उद्यां ते झाड काळोखें राहिलें, तर पूर्वी तेथें कोणत्या जाती होत्या हें सांगणारा कागद आमच्यापाशीं असेल काय? ज्याचें नांव कधीं घेतलें नाहीं, त्याच्या जाण्याचें सुतकही कोणी पाळीत नाहीं.