ओसरीची जागा

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७९५ च्या लढाईबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. जुन्या माळवदी घरांबद्दल क्वचितच कुणी बोलतं. जाड भिंती, मातीचं माळवद, पुढं ओसरी. आज मात्र नव्या घरांचे नकाशे शहरातल्या फ्लॅटवरून उतरवलेले दिसतात. दारात पाऊल टाकलं की थेट सोफा! मग ज्वारीची पोती कुठं ठेवायची? शेतातून आलेल्यानं चिखलाचे पाय कुठं धुवायचे?

पश्चिमेला मोठी काच लावली की उन्हाळ्यात दुपारनंतर त्या खोलीत बसवत नाही. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घ्या; ऊन त्यांना झेलू द्या. म्हाताऱ्यांची खोली तळमजल्यावरच हवी, संडास तिला लागून.

जामखेड तालुक्याला पाण्याची टंचाई नवी नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे नऊ हजार लिटर पाणी पडतं. ते हौदात नेणारा पाइप नकाशातच आखा.

आणि गवंड्यानं जमिनीवर फक्की मारली, की घरात राबणाऱ्या बाईला त्या रेघांमधून चालू द्या: ओट्यापासून हौदापर्यंत, हौदापासून वाळवणापर्यंत. ती अडेल तिथली रेघ पुसून नवी मारा.