गाय बदलण्याआधी धार पाहा



गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. धरून ठरतो. फॅट कमी लागली की पैसे कापतात. मग गाईलाच दोष देऊन, उसाच्या बिलावर कर्ज काढून, दुसरी गाय आणायचा विचार सुरू होतो. आमचे मत असे की, आधी आपली धार तपासावी.

जातीचा गुण आहेच. होल्स्टिन दूध भरपूर देते, पण पातळ. जर्सी व गीर यांचे कमी, पण दाट. तरी जात नुसत्या फॅटवर ठरत नाही. कोकणात आंजर्ले-दापोलीकडची लहानखुरी कोकण कपिला पाहा. दूध थोडे, पण डोंगरउतारावर चरून, मुसळधार पावसात तीच निभावते. २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली.

आता धारेचे. पहिल्या धारेत फॅट सर्वात कमी, शेवटच्या धारेत सर्वात जास्त. घाईने अर्धवट पिळून वासरू सोडले, की साय वासराच्या पोटात अन् पातळ दूध कॅनमध्ये! वासराचा वाटा आधी द्या. पान्हा सुटला की पाच-सात मिनिटांत कास निपटून घ्या. दोन धारांतले अंतर सारखे ठेवा. रात्र लांबली की सकाळी दूध वाढते, फॅट उतरते. अन् नुसत्या वाढ्यावर एस.एन.एफ. लागायची नाही, जोडीला हिरवी वैरण, कडबा, पेंड हवीच.

पंधरा दिवस एवढे करा, पावत्या जपून ठेवा. मगच बाजाराची वाट धरा.