हाताच्या मापाचा माऊस

गेल्या रमजानमध्ये तरावीह पढताना एक गोष्ट लक्षात आली. सजद्यातून उठताना उजवा तळवा जमिनीवर टेकला की मनगटात कळ यायची. आधी वाटले, हे कणीक मळण्याचे दुखणे असेल. सेहरी आणि इफ्तार मिळून त्या महिन्यात कणीक काही कमी लागत नाही. म्हणून आठ दिवस मुलाकडून मळून घेतली. (त्याला ती उत्तम जमते, हे मला इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते.) दुखणे मात्र हटले नाही. उलट रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येऊ लागली. हात झटकला की थोडे बरे वाटायचे. ईदनंतर डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, कॉम्प्युटरवर किती वेळ बसता?"

वर्षअखेरीचे दिवस होते. निकालपत्रके, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, इनपेजमध्ये टाईप केलेल्या उर्दू प्रश्नपत्रिका, सगळे काम घरी जेवणाच्या टेबलावर चालले होते. हातात होता लॅपटॉपबरोबर फुकट मिळालेला चिमुकला माऊस.

मनगटाच्या आत हाडे आणि एक जाड पट्टा यांच्या मधून एक अरुंद वाट जाते. बोटे वाकवणाऱ्या दोरीसारख्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू त्या एवढ्याशा जागेतून जातात. मनगट मागच्या बाजूला वाकले की तिथला दाब वाढतो आणि तो मज्जातंतू चेपला जातो. सजद्यात मनगट चांगलेच वाकते, म्हणून दुखणे तिथे कळले. दिवसभर ते वाकवून ठेवत होता तो टेबलावरचा माऊस. सगळा दोष माऊसला देणे बरोबर नाही, असेही डॉक्टर म्हणाले. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हा त्रास होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. म्हणून बोटे बधिर होत असतील तर आधी डॉक्टर, मग माऊसचे दुकान.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण, घरी बसून डीटीपी करणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की 'आरामदायी' असे डब्यावर लिहिलेला माऊस घ्यावा का. माझे उत्तर असे की डब्यावरचे वाचू नका, हात ठेवून पाहा. ईदच्या चपला घेताना आपण दहा जोड पायात घालून पाहतो. दुकानदाराला घाम फोडतो. आणि रोज चार तास हातात राहणारी वस्तू डब्यावरचा फोटो पाहून उचलतो! मी गेले तेव्हा दुकानदाराने आधी रंगीत दिवे लागणारा माऊस पुढे केला. "आपा, याचा डीपीआय जबरदस्त आहे." डीपीआय म्हणजे हात थोडा हलवला तर पडद्यावरचा बाण किती धावतो त्याचे माप. आपल्या कामाला साधारण हजार-सोळाशे पुष्कळ होते.

मी त्याला डबे उघडायला लावले. माऊसवर हात सैल ठेवायचा आणि पाहायचे: तळव्याला खाली आधार मिळतो का, की तो अधांतरी राहून बोटे पंजासारखी आकसतात? करंगळी टेबलावर घासते का? बोट न उचलता हलकेच दाबले तर क्लिक होते का? लॅपटॉपसाठीचे छोटे माऊस साधारण 10 सेंटिमीटर लांब असतात, नेहमीचे मोठे साडेअकरा-बारा. माझा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसतरा भरतो. त्या चिमुकल्याला मी दिवसभर चिमटीत धरून बसत होते, हे तिथे उभ्या उभ्या समजले.

मग उभा माऊस पाहिला. तो धरताना हात मुसाफा करताना असतो तसा आडवा राहतो. तळवा पालथा केला की कोपरापुढची दोन हाडे एकमेकांवर पिळली जातात. उभ्या माऊसमध्ये तो पीळ कमी होतो. तोच घेतला. पहिला आठवडा वैतागात गेला. गुणपत्रकाच्या बारीक चौकटीत बाण काही केल्या बसेना. आता सवय झाली आहे आणि कोपरापासूनचा ताण खरेच कमी आहे. पण ते औषध नव्हे. शिवाय ज्यांचा अंगठ्याचा सांधा दुखतो त्यांनी जपून, कारण उभ्या माऊसला अंगठ्याने धरावे लागते. अंगठ्याने गोळा फिरवायचा माऊस मिळतो, त्याचेही तेच.

घरात कोणी डावखुरे असेल तर आणखी एक अडचण येते. हाताच्या आकाराचे बहुतेक माऊस उजव्या हातासाठीच घडवलेले असतात. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजू सारख्या असलेला घ्यावा आणि सेटिंगमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल करावी. आमची धाकटी डावखुरी आहे. उजव्या हाताने जेवायला आम्ही शिकवतो, ते ठीकच आहे. माऊस काही घास नव्हे.

माऊस बदलूनही माझे निम्मे दुखणे राहिले होते. ते गेले टेबलामुळे. जेवणाचे टेबल उंच, खुर्ची ठेंगणी. त्यामुळे कोपर खाली आणि मनगट वर. खुर्चीवर जाड उशी ठेवली, पायाखाली पाट घेतला. लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची बटणे असतात, त्यामुळे माऊस लांब सरकतो आणि हात बाहेर ताणावा लागतो. आकड्यांचे बटण नसलेला कीबोर्ड घेतला तर माऊस जवळ येतो. मनगटाखाली ठेवायची मऊ गादी मी आणली होती. तिच्यावर मनगट टेकवून काम केले तर नेमक्या त्याच अरुंद वाटेवर दाब पडतो. हात थांबलेला असताना तळवा टेकायला ती ठीक आहे.

डीटीपीवाल्या भगिनींसाठी एक फुकटची सोय सांगते. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये क्लिकलॉक नावाची खूण आहे. ती चालू केली की मजकूर ओढताना बटण दाबून धरावे लागत नाही. आणि रात्री काम करणाऱ्यांसाठी आवाज न करणारे माऊस मिळतात. आमच्या अम्मी तहज्जुदला उठतात, त्याआधीची त्यांची झोप माझ्या टिकटिकीने मोडायची.

डॉक्टरांनी दिलेला पट्टा दोन महिने रात्री बांधला. आता बधिरपणा नाही, अल्हम्दुलिल्लाह. निकालाच्या दिवसांत कधी कधी कळ येते, तेव्हा काम थांबवून उठते. तो चिमुकला माऊस धाकटीला दिला. दोन्ही बाजूंनी सारखा आहे आणि तिच्या हाताला बरोबर बसतो.