मायबापांनो, प्रश्नपत्रिका हातात घ्या

दीपनगरच्या वसाहतीतल्या एका घरी परवा एक आई लेकाची दहावीची इंग्रजीची जुनी प्रश्नपत्रिका उलटीसुलटी करत होती. "मला यातलं काय समजणार?" म्हणाली. तिची शाळा मराठी, तिचं इंग्रजी पाचवीपासूनचं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात 2000 साली आलं. आजच्या कितीतरी पालकांची तीच गत आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी ही तृतीय भाषा असते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ती प्रथम भाषा. पुस्तकं वेगळी, प्रश्नपत्रिकाही वेगळ्या. शेजारच्या मुलाचं गाइड आणून म्हणूनच भागत नाही. तृतीय भाषेला लेखी 80 गुण, तोंडी आणि श्रवणाचे 20. पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

त्या आईला मी शेवटचा प्रश्न दाखवला: इंग्रजी शब्द, वाक्यं, म्हणी मराठीत आणायच्या. लेकानं म्हणीचा अर्थ सांगितला, तशी तिनं घरातली लेवा बोलीतली म्हण फाडकन ऐकवली. मग दोघांनी मिळून ती पुस्तकी मराठीत बसवली. वहीत त्यानं तीनदा खोडलं. मला तर वाटतं, शिकवणीच्या फीइतकंच मोल या अर्ध्या तासाला आहे.

या अंकात प्रश्नपत्रिकेचा एकेक भाग मराठीतून उलगडला आहे. रात्रपाळीवरून आलेल्या बाबांनाही चहा पिता पिता वाचता येईल, अशा बेतानं.